नवी जीन्स थोड्याच महिन्यांत सैल का पडते आणि तिचं फिटिंग टिकवायचं कसं?

तुम्ही विचारलंय की ट्रायल रूममध्ये अगदी अंगावर बसलेली जीन्स दोन-तीन महिन्यांत कमरेतून उतरायला लागते, गुडघ्यांना फुगे येतात, धुतली की सकाळी ठीक आणि दुपारपर्यंत पुन्हा ढिली. महागातली घेतली तर हा त्रास टळेल का, हेही तुम्हाला हवंय.

मी नाशिकला रविवार कारंजाच्या भागात अल्टरेशनचं काम करते. हीच तक्रार घेऊन आलेल्या जीन्स रोज हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी जीन्स उलटी करा आणि आतल्या शिवणीत अडकवलेली छोटी पट्टी वाचा. १०० टक्के कॉटन लिहिलंय, की ९८ टक्के कॉटन आणि २ टक्के इलॅस्टेन? काही ठिकाणी इलॅस्टेनऐवजी स्पॅन्डेक्स किंवा लायक्रा लिहितात, वस्तू तीच. ही एक ओळ वाचल्याशिवाय कोणाचाही सल्ला घेऊ नका, माझाही नाही. गरम पाण्याने एक जीन्स सुधारते आणि दुसरी त्याच पाण्याने कामातून जाते.

लोकांचे सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत त्याचंही कारण हेच. लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी रिव्हेटवाल्या पँटचं पेटंट घेतलं १८७३ साली, तेव्हा जीन्स निव्वळ सुती होती. इलॅस्टेनचा शोध लागला १९५८ मध्ये, आणि जीन्समध्ये ते सर्रास आलं त्याच्याही बऱ्याच नंतर. 'उकळत्या पाण्यात बुडवा, आपोआप आवळेल' हा सल्ला जुन्या सुती जीन्सचा आहे. तुमच्या स्ट्रेच जीन्सला तो लावू नका.

सुती जीन्सचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. येवल्याला पैठणीचा माग पाहिला असेल तर ताणा-बाणा सांगायची गरज नाही. उभे धागे ताणा, आडवे बाणा. डेनिममध्ये ताणा निळा आणि बाणा पांढरा, म्हणून जीन्स बाहेरून निळी आणि आतून पांढरट. धागे एकमेकांच्या खाली-वर जातात, त्यामुळे प्रत्येक धाग्यात बारीक नागमोड असते. अंगाची ऊब, घाम आणि बसण्या-उठण्याचा ताण यांनी ती सरळ होत जाते आणि कापड पसरतं. पाणी लागलं की सूत फुगतं, धागा आखडतो, कापड पुन्हा जागेवर येतं. अशी जीन्स घेतानाच बटण लावायला किंचित जोर लागेल अशी घ्या. अगदी आरामात बसणारी घेतली तर ती पुढे सैलच होणार. अधूनमधून कोमट ते गरम पाण्यात धुतली तरी चालते, फक्त रंग थोडा उतरतो. गुडघ्याचे फुगे घालवायला तेवढाच भाग ओला करा आणि इस्त्री वरून दाबत न्या. ओढू नका, ओढलं की फुगा आणखी वाढतो.

आता इलॅस्टेनवाली. दुकानांत आज बहुतेक हीच मिळते, आणि तुमच्या वर्णनावरून तुमची हीच असावी. हिच्या बाण्यात प्रत्येक सुताच्या पोटात एक बारीक लवचीक तंतू असतो आणि त्याच्यावर कापूस गुंडाळलेला असतो. बाणा आडवा, म्हणून ही जीन्स कमरेभोवती आणि मांडीभोवती ताणते, उंचीला नाही. तो तंतू शाबूत आहे तोवर फिटिंग शाबूत. तंतू गेला की जुन्या परकराच्या इलॅस्टिकसारखी गत होते, कितीही धुवा, परत येत नाही.

तंतू गेला का हे घरी बघता येतं. मी जीन्स खिडकीशी नेते आणि सीटवर, गुडघ्यावर तिरपा उजेड पडेल अशी धरते. निळ्या कापडातून केसाहून बारीक, कुरळे, पांढरे तंतू वर आलेले दिसतात का ते बघायचं. एखादा चिमटीत धरून हलकेच ओढला आणि तो रबरासारखा लांबला, तर तो आतला इलॅस्टेन आहे, तुटून बाहेर आलेला. त्याच जागी कापडावर बारीक लाटाही दिसतात. अशी जीन्स घेऊन कोणी आलं तर मी स्पष्ट सांगते की कंबर आत घेऊन देईन, पण गुडघा आणि सीट माझ्या हातात नाही.

या तंतूला सगळ्यात जास्त मारते ती उष्णता. इस्त्रीच्या खुणेत तीन ठिपके म्हणजे २०० अंश सेल्सिअस, दोन म्हणजे १५० आणि एक म्हणजे ११०. आपण इस्त्री 'कॉटन'वर ठेवतो आणि जीन्सवर फिरवतो, म्हणजे २०० च्या आसपास गेलो. स्ट्रेच जीन्सला एक ठिपका पुरे, आणि खरं तर इस्त्री नसली तरी चालते. नाशिकमध्ये जास्त नुकसान होताना मी पाहते ते पावसाळ्यात. जुलै-ऑगस्टमध्ये जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही, मग सकाळी घाईत ओलसर कापडावर कडक इस्त्री मारली जाते, नाहीतर मशीनच्या ड्रायरमध्ये पूर्ण गरमीवर टाकली जाते. त्यापेक्षा मशीनमध्ये हलका स्पिन द्या, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि पंख्याखाली पसरून ठेवा. उन्हाळ्यात उलट बाजूने आणि सावलीत वाळवा. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर दिवसभर टांगली तर रंगही जातो आणि तंतूही. ओली जीन्स फक्त पट्टा ओवायच्या लूपला चिमटे लावून लटकवू नका, पाण्याच्या वजनाने कापड ओढलं जातं. दोरीवर मधोमध टाका.

ब्लीच नको, फॅब्रिक कंडिशनरही नको. थंड पाणी, चेन-बटण लावलेलं, उलटी बाजू. दगडावर आपटणं आणि दोघांनी दोन टोकं धरून पिळणं तर अजिबातच नको.

घालण्याबद्दल थोडं. लागोपाठ दोन दिवस तीच जीन्स घालू नका. ताणलेल्या तंतूला परत यायला वेळ लागतो, एक दिवसाची सुट्टी दिली तर फरक कळतो. नाशिकच्याच द्वारका भागातून अंबड-सातपूरला रोज बाईकवर जाणाऱ्यांच्या जीन्सचे गुडघे आधी फुगतात. त्यांनी कामाला जाड, सुती जीन्स घालावी आणि स्ट्रेच दुसऱ्या दिवसांसाठी ठेवावी. घरी पोचल्यावर जीन्समध्येच मांडी घालून जेवायला बसू नका, बदला. अंजनेरी किंवा ब्रह्मगिरी चढायचा असेल तर ट्रॅक पँट घाला. जीन्स वर ओढताना लूप धरून ओढू नका, दोन्ही बाजूंनी कमरपट्टी धरा.

महागडीचं म्हणाल तर किमतीवर भरवसा ठेवू नका. दुकानात मांडीजवळचं कापड दोन्ही हातांनी आडवं ताणा, क्षणभर धरा, सोडा. लगेच सपाट झालं तर ठीक, सुरकुती राहिली तर ठेवून द्या. घालून दोन-चार उठाबशा काढा आणि गुडघ्याकडे बघा. इलॅस्टेनबरोबर थोडं पॉलिएस्टर असेल तर तसं कापड बहुधा जास्त काळ परत येतं, नाक मुरडू नका.

राहिली सैल झालेली कंबर. कमरपट्टी दोन तऱ्हेची असते. सरळ पट्टी ताण्याच्या दिशेने कापलेली असते, ती कमी वाढते. बायकांच्या बऱ्याच जीन्सची पट्टी गोलाईत कापलेली असते, तिचा काही भाग तिरक्या धाग्यावर येतो आणि तो हमखास वाढतो. अशा पट्टीच्या आतून न ताणणारी सुती टेप शिवून घ्या. टेप आधी भिजवून वाळवलेली हवी, नाहीतर पहिल्या धुण्यात ती आटते आणि पट्टीला चुण्या पडतात. जीन्स चांगली असेल तर नवी असतानाच हे करून घ्यावं. आधीच सैल झाली असेल तर मागची मधली शिवण उसवून इंच-दीड इंच आत घेता येते. त्याहून जास्त घेतलं तर मागचे खिसे एकमेकांजवळ सरकतात आणि बेढब दिसतं.

आणि अल्टरेशनला जीन्स धुऊन, वाळवून न्या. दिवसभर घातलेली तशीच नेली तर माप पसरलेल्या कापडाचं घेतलं जातं, आणि पुढच्या धुण्यानंतर बटण लागत नाही.