डाइव्हिंगचा फॉर्म उशिरा आला आणि पैसे जप्त झाले

प्रश्न : आम्ही देवगडचे, हापूसची कलमं आहेत. लग्नाला पंचवीस वर्षं होतात म्हणून ऑक्टोबरात दिल्लीच्या एका कंपनीकडे मालदीवची सहल ठरवली. सात रात्री आलिशान बोटीवरच राहायचं आणि रोज स्कूबा करायचं, दोघांचे मिळून ४,६०,००० रुपये. आधी ६०,००० भरले, बाकीचे डिसेंबरात. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘अनुभव नको, कोणीही डाइव्ह करू शकतं.’ यजमानांनी तारकर्लीत कोर्स केला आहे, मी कधी पाण्याखाली गेलेली नाही. निघायला ३८ दिवस उरले तेव्हा कंपनीने पहिल्यांदा वैद्यकीय फॉर्म पाठवला. मला पावसाळ्यात दमा होतो, पंप घ्यावा लागतो, ते मी खरं लिहिलं. छातीच्या डॉक्टरांनी डाइव्हिंगला साफ नकार दिला. आता कंपनी म्हणते, ४५ दिवसांच्या आत रद्द केलं तर सगळी रक्कम जप्त. २५ टक्क्यांची क्रेडिट नोट (रोख नाही, पुढच्या बुकिंगमध्ये वळती होणारी रक्कम) देतात, तीही ‘यापुढे कोणताही दावा नाही’ असं लिहून दिलं तर. अटींमध्ये आहे की वाद फक्त दिल्लीत, लवादापुढे. यजमान म्हणतात, दुसरा फॉर्म भरू, दम्याचं लिहायचंच नाही. निघायला चार आठवडे आहेत. काय करावं?
— एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, आधी यजमानांच्या सूचनेबद्दल बोलतो, कारण पैशांपेक्षा ते महत्त्वाचं आहे. दुसरा फॉर्म भरू नका. पाण्याखाली दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तिथे फुफ्फुसात भरलेली हवा वर येताना दुप्पट पसरते. निरोगी माणूस श्वास सोडत वर येतो आणि ती हवा निघून जाते. दम्यात श्वासनलिका आवळल्या तर ती आत अडकते, फुफ्फुस फाटू शकतं आणि हवेचे बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. अशा रुग्णाला रिकम्प्रेशन चेंबर, म्हणजे पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करण्याची बंद खोली, लागतो. तो बोटीवर नसतो, आणि बोट किनाऱ्यापासून काही तासांवर असू शकते. कायद्याच्या बाजूनेही हे आत्मघातकी आहे. डॉक्टरांचा नकार तुमच्याकडे कागदावर आहे. त्यानंतर खोटा फॉर्म भरून काही झालं तर विमा कंपनी हात वर करील, सहल कंपनी तोच फॉर्म पुढे करील आणि यजमानांना परक्या देशात एकट्याने सगळं निस्तरावं लागेल. तुम्ही खरं लिहिलंत, आणि पुढे ग्राहक आयोगासमोर तोच तुमचा सगळ्यात मोठा आधार ठरणार आहे.

आता पैशांकडे वळू. तुमच्या पत्रातल्या दोन आकड्यांनी माझं लक्ष वेधलं : ४५ आणि ३८. पूर्ण रक्कम जप्त करण्याची मुदत ४५ दिवसांवर सुरू होते आणि फॉर्म ३८ दिवसांवर येतो. म्हणजे डाइव्हिंगला वैद्यकीय अट आहे हे कंपनीने तुम्हाला सांगितलं, तेव्हा सगळी रक्कम न गमावता माघार घेण्याची वेळ टळून गेली होती. हा फॉर्म काही कंपनीने त्या आठवड्यात शोधून काढलेला नाही. जगभरच्या डाइव्हिंग संस्था दमा, हृदय, रक्तदाब, मधुमेह यांबद्दलचे हेच प्रश्न विचारतात, आणि एखाद्या प्रश्नाला ‘होय’ आलं तर डॉक्टरांची सही मागतात. या धंद्यातल्या कंपनीला ते ठाऊक असतंच. ऑक्टोबरात ६०,००० घेताना तो फॉर्म व्हॉट्सॲपवर पाठवायला दोन मिनिटं लागली असती.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतल्या त्रुटीची व्याख्या कलम २(११) मध्ये आहे. सेवा देणाऱ्याने महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणं हीसुद्धा त्रुटीच, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. ‘कोणीही डाइव्ह करू शकतं’ ही ओळ कलम २(२८) मधल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत बसते. त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट आजच काढा, तारीख आणि वेबपत्ता दिसेल असा. कंपनीला नोटीस मिळाली की अशा ओळी पानावरून नाहीशा होतात.

‘पैसे परत मिळणार नाहीत’ हे वाक्य छापील अटींमध्ये असलं म्हणून तिथे विषय संपत नाही. करार कायदा, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे नीट उलगडून सांगितलं : नुकसान सिद्ध करणं शक्य असेल तिथे ते सिद्ध करण्यातून सुटका नाही. म्हणून कंपनीला लेखी विचारा. बोटीच्या मालकाला आमच्या केबिनचे किती पैसे दिले, कोणत्या तारखेला, त्याची पावती दाखवा. ती केबिन दुसऱ्या कोणाला विकली का? आम्ही न खाल्लेलं जेवण, न वापरलेले सिलिंडर, मालदीवमध्ये पर्यटकांच्या मुक्कामावर आकारला जाणारा ग्रीन टॅक्स, हे सगळं आम्ही न जाताही खर्च झालं का? या प्रश्नांना पावत्यांसह उत्तर देणारी कंपनी मी क्वचितच पाहिली आहे.

तुमची कमकुवत बाजूही सांगतो, म्हणजे उद्या सुनावणीत धक्का बसणार नाही. बुकिंग करताना ‘अटी वाचल्या’ या चौकटीत तुम्ही टिक केली असणार. दमा तुम्हाला आधीपासून माहीत होता, कंपनीला नव्हता. आणि कंपनीचा वकील म्हणेल की बाईंना डाइव्ह करता येत नसेल तर त्यांनी बोटीवरून स्नॉर्केलिंग (पृष्ठभागावर तरंगत नळीने श्वास घेऊन खालचं पाहणं) करावं, यजमानांवर तर काहीच बंधन नाही. या शेवटच्या मुद्द्यात थोडा दम आहे. तरी माझं मत असं की दोघांची एक केबिन, एक बिल आणि सहलीचा मुख्य हेतूच डाइव्हिंग, त्यामुळे हा व्यवहार एकसंध मानला जावा. पण आयोग यजमानांच्या वाट्याची काही रक्कम कापू शकतो. सुरुवातीचे ६०,००० बयाणा म्हणून कंपनीकडे राहू शकतात, तेही धरून चाला.

म्हणूनच आयोगाकडे जाण्याआधी एक मधला मार्ग सुचवतो, आणि माझ्या मते तुमच्यासाठी तोच सगळ्यात चांगला आहे. कंपनीला सांगा : बोटीऐवजी मालदीवमध्येच एखाद्या बेटावरच्या रिसॉर्टवर आमची सोय करा, जिथे प्रवाळाची रांग किनाऱ्यालगत आहे. यजमान प्रशिक्षकाबरोबर डाइव्ह करतील. तुमच्या डॉक्टरांनी होकार दिला तर तुम्ही वरून स्नॉर्केलिंग कराल. फरकाची रक्कम परत द्या. पंचविसावं वर्ष पुन्हा येणार नाही, आणि समुद्र पाहायला प्रत्येक वेळी अठरा मीटर खाली जावं लागत नाही.

पत्र कसं लिहिता याला फार महत्त्व आहे. ‘आम्ही सहल रद्द करतो’ असं लिहू नका, त्या एका वाक्यावर कंपनी रद्दीकरणाची अट चिकटवील. असं लिहा : ‘तुम्ही बुकिंगच्या वेळी न सांगितलेल्या वैद्यकीय अटीमुळे ठरलेली सेवा आम्हाला घेता येत नाही. तुमच्या जाहिरातीच्या विरुद्ध ही अट तुम्ही ३८ दिवस आधी कळवली. पर्यायी व्यवस्था करा किंवा रक्कम परत करा. आमची केबिन विकायला तुम्हाला अजून चार आठवडे आहेत.’ शेवटचं वाक्य वगळू नका. नुकसान मोजताना ते टाळायला हाताशी काय उपाय होते हे करार कायद्याचं कलम ७३ विचारात घ्यायला सांगतं. तुम्ही वेळेवर कळवलंत आणि कंपनी केबिन न विकता गप्प बसली, तर त्या तोट्याचा भार तुमच्यावर टाकणं तिला अवघड जाईल. पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टने, दोन्हीकडून, याच आठवड्यात जाऊ द्या. सोबत डॉक्टरांच्या दाखल्याची प्रत जोडा. क्रेडिट नोटच्या कागदावर सही करू नका. २५ टक्क्यांसाठी उरलेल्या ७५ टक्क्यांवर पाणी सोडण्याचा तो कागद आहे.

दिल्लीची भीती मनातून काढून टाका. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. तुमच्यासाठी तो सिंधुदुर्गनगरीला, म्हणजे ओरोसला. लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात निश्चित झालं आहे. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्याने तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण इतकं थांबू नका. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवा. काही कंपन्या तिथेच नरमतात.

मसुद्यात एक काळजी घ्या. ‘ही अट अन्याय्य करार आहे, ती रद्द ठरवा’ अशी मागणी जिल्हा आयोगात करू नका. अन्याय्य कराराच्या तक्रारी कायद्याने राज्य आयोगाकडे दिल्या आहेत, आणि त्या एका ओळीवरून तुमची तक्रार महिनोन्महिने अधिकारक्षेत्राच्या वादात अडकेल. सेवेतली त्रुटी, दिशाभूल करणारी जाहिरात आणि रक्कम परत, एवढ्यावरच भर द्या. व्हॉट्सॲपवरची बोलणी आणि स्क्रीनशॉट जोडाल तेव्हा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं, प्रमाणपत्रही लावा, म्हणजे पुराव्यावर आक्षेप घ्यायला जागा उरणार नाही.

आपल्या मालवण-तारकर्लीच्या स्कूबावाल्या मुलांनाही इथे कळकळीने सांगतो. पर्यटक होडीत बसल्यावर घाईघाईत सही घेऊ नका. पैसे घेण्याआधी आजारांचे प्रश्न विचारा, मराठीत विचारा, आणि दमा किंवा हृदयविकार सांगणाऱ्याचे पैसे परत करा. तुमच्याही गिऱ्हाइकाला हाच कायदा लागू आहे.

शेवटी एक हिशेबाची बाब. परदेशी सहलीच्या बिलात टीसीएस, म्हणजे कंपनीने ग्राहकाकडून गोळा करून सरकारकडे भरायचा आयकर, म्हणून वेगळी रक्कम घेतलेली असते. ती तुमच्या पॅनवर जमा झाली का, हे आयकर खात्याकडच्या तुमच्या कर-जमा विवरणात (फॉर्म २६एएस) पाहा. झाली असेल तर विवरणपत्रात तिचं श्रेय तुम्हाला घेता येईल, आणि कंपनीकडे मागायच्या रकमेतून ती वजा करा. नसेल, तर कर म्हणून घेतलेले ते पैसे गेले कुठे, हा प्रश्न नोटिशीत घाला.