यंदा नीट द्यावी की थेट पुढच्या वर्षी?

"ताई, मी मूळची निफाड तालुक्यातली असून अकरावीपासून नाशिकला गंगापूर रोडजवळ मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा आहे. नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या, क्लासमधल्या सराव परीक्षांत मला ७२० पैकी ३२० ते ३४० गुण पडतात आणि फिजिक्सचा निम्मा भाग कच्चा आहे. अशा तयारीवर नीट देऊन कमी गुण घेण्यापेक्षा यंदा फॉर्मच भरू नये आणि ड्रॉप, म्हणजे एक वर्षाचा खंड, घेऊन पुढच्या वर्षी ४५० च्या पुढे जाण्याची खात्री झाल्यावरच परीक्षा द्यावी, असे मला वाटते. पुन्हा परीक्षा देणाऱ्यांच्या रिपीटर बॅचला आत्ताच नाव नोंदवले तर फीमध्ये सवलत मिळेल, असे क्लासमधले सर सांगतात. वडिलांची द्राक्षबाग आहे. मी यंदाच डॉक्टरकीला लागणार, असे ते धरून चालले आहेत आणि त्यांना मी यातले काहीच सांगितलेले नाही. आमचा ओबीसीचा दाखला आहे, पण व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी, अजून झालेली नाही. मी काय करू?"

चि. मुली,

तू यंदा फॉर्म भर आणि परीक्षा दे. ड्रॉप घ्यायचा की नाही, हा निर्णय मात्र आज घेऊ नकोस, कारण तो निकालानंतर घ्यायचा असतो आणि त्यासाठी लागणारी माहिती आज तुझ्याजवळ नाही, तुझ्या सरांजवळही नाही. परीक्षेला बसणे आणि वर्ष थांबणे हे दोन वेगळे निर्णय तू एकाच गाठीत बांधलेस, त्यामुळे ती गाठ सुटेनाशी झाली आहे.

अपुऱ्या तयारीने परीक्षा दिली तर एक प्रयत्न वाया जातो, हा समज मुलांमध्ये बराच पसरलेला आहे. नीट किती वेळा द्यावी यावर मर्यादा नाही आणि वयाची वरची अटही २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण होणे एवढीच वयाची अट उरली आहे. एका वर्षाचे गुण भारतातील प्रवेशासाठी त्याच वर्षी चालतात, पुढच्या वर्षी ते कोणी पाहत नाही आणि तुझा हा कितवा प्रयत्न आहे यावर गुणवत्ता यादीतला तुझा क्रमांक ठरत नाही. म्हणजे परीक्षा देऊन तुझे नुकसान झालेच तर ते फॉर्मच्या शुल्काचे (२०२५ मध्ये खुल्या प्रवर्गाला १,७०० आणि ओबीसीला १,६०० रुपये होते) आणि मे महिन्यातल्या एका रविवारच्या दुपारचे. तुला खरी भीती त्या दिवशी कागदावर येणाऱ्या आकड्याची आणि तो आकडा घरात वाचला जाण्याची वाटते आहे, असे तुझे पत्र दोनदा वाचल्यावर माझे मत झाले. ही भीती खोटी नाही. परंतु फॉर्म न भरल्याने ती जात नाही, बारा महिने पुढे सरकते आणि तेव्हा तिच्यावर एका वर्षाच्या खर्चाचे ओझे चढलेले असते.

याउलट परीक्षा दिलीस तर जे हाती लागेल ते कोणत्याही सराव परीक्षेत मिळत नाही. २०२५ पासून पर्यायी प्रश्न बंद झाले असून १८० प्रश्न १८० मिनिटांत सोडवावे लागतात, त्यापैकी ९० जीवशास्त्राचे आणि फिजिक्स व केमिस्ट्रीचे प्रत्येकी ४५ असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. अनोळखी केंद्रावर, मे महिन्याच्या उकाड्यात, फिजिक्सचे लागोपाठ तीन प्रश्न अडल्यावर आपला हात थांबतो की आपण घाबरून अंदाजाने उत्तरे भरत सुटतो, हे क्लासच्या रोजच्या बाकावर बसून कळत नाही.

शिवाय तू स्वतःसाठी ठरवलेली ४५० ची रेषा मला पटत नाही. २०२४ च्या सुधारित निकालात अनेक विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते आणि खुल्या प्रवर्गाची पात्रता १६२ गुणांवर होती. पुढच्याच वर्षी फिजिक्सची प्रश्नपत्रिका अतिशय अवघड आली, देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६ राहिले आणि पात्रता १४४ वर उतरली. तेव्हा ४५० गुण एका वर्षी तुला यादीत पुष्कळ मागे ठेवतात आणि दुसऱ्या वर्षी चांगली जागा देऊन जातात. पाहायचे ते क्रमांकाकडे. पात्रतेचेही फार कौतुक नको. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख मुले परीक्षेला बसली, १२ लाखांहून अधिक पात्र ठरली, आणि देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत.

आता मेपर्यंतच्या दिवसांविषयी. बोर्डाच्या परीक्षेला दुय्यम मानू नकोस, कारण फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी मिळून बारावीत किमान टक्केवारी (खुल्या प्रवर्गाला ५०, मागास प्रवर्गांना ४०) नसेल तर नीटच्या गुणांचा उपयोग होत नाही. बोर्डाचे पेपर संपल्यावर परीक्षेपर्यंत सहा-सात आठवडे मिळतात. त्या काळात सगळे फिजिक्स नव्याने उरकण्याचा हट्ट धरू नकोस. विद्युतधारा, किरण प्रकाशशास्त्र, अर्धवाहक, आधुनिक भौतिकी अशी तुलनेने आटोपशीर प्रकरणे निवड आणि तेवढीच पक्की कर. उरलेला वेळ जीवशास्त्राला दे, कारण ७२० पैकी ३६० गुण तिथे आहेत आणि एनसीईआरटीचे पुस्तक ओळ न ओळ वाचणाऱ्याला ते मिळतात.

निकाल लागल्यावर ड्रॉपचा विचार कर, आणि तो करताना तीन गोष्टी शोध. राज्याच्या यादीत तुझा क्रमांक तुझ्या प्रवर्गातील मागील वर्षीच्या शेवटच्या फेरीतील शेवटच्या प्रवेशापासून किती दूर आहे? तुझे गुण गेले ते न शिकलेल्या भागात की शिकलेल्या भागातल्या चुकांत? आणि तिसरी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: पुढचे वर्ष या वर्षापेक्षा नेमके कशात वेगळे असेल? बोर्ड, प्रॅक्टिकल आणि कॉलेज यांत फिजिक्स मागे राहिले असेल तर ड्रॉपने ते भरून निघण्यासारखे आहे. पण खोली तीच, दिनक्रम तोच, फिजिक्सचा कंटाळा तोच आणि फक्त बॅचचे नाव निराळे, असे होणार असेल तर मी तुला थांब म्हणणार नाही. वर्गमैत्रिणी पुढे निघून गेल्यानंतरचे एकटे वर्ष दिसते त्यापेक्षा जड जाते. रिपीटर बॅचचे पैसे जानेवारीत भरण्याचे तर काहीच कारण नाही. निकालाआधी मिळणाऱ्या सवलतीत फायदा कोणाचा असतो, हे बागेचा सौदा काढणी होण्याआधीच करू पाहणारे व्यापारी ज्यांनी पाहिलेत, त्या तुझ्या वडिलांना विचारलेस तरी ते सांगतील.

ड्रॉप न घ्यायचा ठरला तर हाती काही असावे, म्हणून आत्ताच आणखी फॉर्म भरणे आवश्यक आहे. बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) आणि फिजिओथेरपीचे राज्यातील प्रवेश नीटच्या गुणांवरच होतात. यंदा नीटच दिली नाहीस तर हे सगळे दरवाजे एकदम बंद होतील. बी.एस्सी. नर्सिंग आणि फार्मसीसाठी राज्याच्या सीईटी वेगळ्या आहेत आणि त्यांची नोंदणी नीटचा निकाल येण्याच्या पुष्कळ आधी संपते. त्या दोन्ही परीक्षा द्यायलाच हव्यात असे मी म्हणत नाही, पण तारीख हुकल्यामुळे पर्याय जाणे वाईट.

आणखी एक गोष्ट अनेक घरांतून सुटते. नीट दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असे होत नाही. निकालानंतर राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी राज्य सीईटी कक्षाकडे, आणि शासकीय महाविद्यालयांतील अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागांसाठी एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे, अशी वेगवेगळी नोंदणी करावी लागते. एमसीसीच्या फेऱ्यांसाठी ओबीसीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतो. राज्यासाठी अधिवास, नॉन-क्रीमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र हवे. तुझी व्हॅलिडिटी बाकी आहे, ही मला तुझ्या ३३० गुणांपेक्षा अधिक काळजीची बाब वाटते. बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांचा अर्ज कॉलेजमार्फत जात पडताळणी समितीकडे जातो, तेव्हा याच आठवड्यात कॉलेजच्या कार्यालयात चौकशी कर. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यासारखे जुने पुरावे शोधायला गावी वेळ लागतो आणि समितीने त्रुटी काढली तर आणखी. गुण असून केवळ या कागदापायी राखीव जागा गमावणे तुला परवडणारे नाही.

पैशांच्या बाबतीत वडिलांना एक माहिती जरूर दे. २०२४-२५ पासून राज्यात ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना केंद्रीभूत फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही सवलत संस्थेच्या किंवा व्यवस्थापनाच्या कोट्याला लागू नाही. त्यामुळे पर्यायांच्या यादीत नाशिकचे २०२४ मध्ये सुरू झालेले शासकीय महाविद्यालय आणि धुळ्याचे शासकीय महाविद्यालय यांच्याबरोबर आडगाव किंवा घोटीजवळच्या खासगी महाविद्यालयांचा विचारही, फीचा आकडा पाहून आधीच सोडून न देता, करता येईल. वसतिगृह आणि मेसचा खर्च राहतोच, तो धरून हिशेब कर.

वडिलांशी बोलणे निकालापर्यंत लांबवू नकोस. बाग राखणाऱ्या माणसाला अवकाळी पाऊस ठाऊक असतो, पण पाऊस पडून गेल्यावर सांगितलेला अंदाज त्याच्या कामाचा नसतो. येत्या रविवारी घरी जा, सराव परीक्षांचे सगळे गुण, फिजिक्सचे वेगळे काढून, त्यांच्यापुढे ठेव आणि सांग की मी यंदा परीक्षा देणार आहे, एमबीबीएसची जागा यंदा मिळण्याची शक्यता कमी आहे, आणि पुढे काय करायचे ते आपण निकालानंतर बसून ठरवू. परतताना व्हॅलिडिटीसाठी लागणारे जुने दाखले त्यांच्याकडून मागून घे.