काटा पाववर, टाकी कोरडी

प्रश्न : काका, नमस्कार. माझ्याकडे वडिलांची २००३ सालची स्प्लेंडर आहे. वडील गेल्यापासून मीच वापरतो, रोज वाई ते पाचगणी जाऊन-येऊन. पेट्रोलच्या काट्याचा काही नेम राहिलेला नाही. टाकी फुल केली की शंभर किलोमीटर काटा जागचा हलत नाही, अर्ध्यावर आला की मात्र भराभर पडतो. मागच्या महिन्यात पसरणी घाट उतरताना गाडी बंद पडली तेव्हा काटा पाव टाकी दाखवत होता. ढकलत खाली आणली, तर सपाटीला आपोआप चालू झाली आणि पंपापर्यंत पोचली. पेट्रोलची चावी मी कायम रिझर्व्हवरच ठेवतो, म्हणजे मध्येच बंद पडत नाही. अ‍ॅव्हरेज वडिलांच्या वेळी ६५ होतं, आता ४३ मिळतं. दोनशेचं पेट्रोल टाकतो आणि काटा परत त्याच जागी आला की किलोमीटर बघतो. मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटर बदला, घरचे म्हणतात गाडी विका. मला विकायची नाही. काय करू?
– एक वाचक, वाई

उत्तर : विकू नका. तुमच्या पत्रात गाडी विकावी असं काहीच नाही.

सगळ्यात आधी चावी रिझर्व्हवरून काढा आणि ‘ऑन’वर आणा. आज, हे वाचून झाल्यावर लगेच. या चावीला, म्हणजे पेट्रोल कॉकला, टाकीच्या आत दोन वाटा असतात. एक उभी नळी, तिचं तोंड टाकीच्या तळापासून थोडं वर. ‘ऑन’वर पेट्रोल त्या नळीतून येतं. पातळी नळीच्या तोंडाखाली गेली की गाडी मिसफायर करते, आपण म्हणतो रिझर्व्हला लागली. मग चावी फिरवली की तळाजवळची दुसरी वाट उघडते. यात वायर नाही, बॅटरी नाही, नुसती नळीची उंची आहे. म्हणून जुन्या गाडीत काट्यापेक्षा माझा भरवसा या नळीवर जास्त. तुम्ही चावी कायम रिझर्व्हवर ठेवून हा इशाराच बंद करून टाकलात. घाटात गाडी थांबली तेव्हा ती रिझर्व्हला लागलेली नव्हती, रिझर्व्हसुद्धा संपत आलं होतं.

मग सपाटीला चालू कशी झाली? तुमच्या गाडीचा कॉक टाकीच्या मागच्या बाजूला, डावीकडे आहे. उतारावर गाडीचं तोंड खाली जातं आणि उरलंसुरलं पेट्रोल पुढे जमा होतं. जमीन सपाट झाली तसं ते मागे आलं. असंच डाव्या-उजव्याचं आहे. टाकी चेसिसच्या नळीवर खोगिरासारखी बसते, त्यामुळे तिच्या तळाशी मधोमध उंचवटा असतो. पेट्रोल कमी झालं की उजव्या कप्प्यातलं तिकडेच अडकतं. रस्त्याकडेला लोक बंद पडलेली गाडी डावीकडे आडवी करून परत उभी करतात ना, ते याचसाठी. उजवीकडचं पेट्रोल उंचवटा ओलांडून कॉकच्या बाजूला येतं आणि दोन-चार किलोमीटरची सोय होते.

आता काटा. त्याच्या तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारींपैकी दोन या तक्रारी नाहीतच, तो टाकीचा आकार आहे. टाकीत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट असतो, काटा त्याच्या उंचीवर चालतो. टाकी फुल असताना फ्लोट वर छताला टेकलेला असतो. पेट्रोल थोडं उतरेपर्यंत त्याला खाली यायला जागाच मिळत नाही, म्हणून पहिले शंभर किलोमीटर काटा ढिम्म. वर टाकी रुंद, एक लिटर संपलं तरी पातळी जेमतेम उतरते. खाली मधला उंचवटा जागा खातो, तिथे तेच एक लिटर पातळी झपकन खाली आणतं. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, तिथला काटा तर बघूच नका. गाडी डबल स्टँडवर घ्या, गाडी चालू करायची चावी लावा, मिनिटभर थांबा, मग बघा.

तिसरी तक्रार खरी आहे. टाकी कोरडी आणि काटा पाववर, हा बिघाड. टाकीच्या पोटातलं, काटा चालवणारं युनिट काढून बघावं लागेल. त्यात एका दांडीच्या टोकाला फ्लोट असतो आणि दुसऱ्या टोकाला पितळेची बारीक जीभ, जी तारेच्या वेटोळ्यावरून सरकते. जुन्या युनिटमध्ये वेटोळ्याचा एक पट्टा घासून चकचकीत झालेला असतो आणि कडेला काळी पुटं चढलेली असतात. जीभ तिथे अडखळते. तुमच्या गाडीत दांडीच गंजाने किंवा वाकून पावच्या जागी अडकत असावी, असा माझा अंदाज. युनिट हातात घेऊन दांडी बोटाने वर-खाली करा, अडकत असेल तर बोटाला लगेच कळेल. फ्लोट कानाशी धरून हलवायचा, आत चुळूक वाजली तर तो भोकाने पेट्रोल प्यायलाय. असा फ्लोट मात्र बुडतो, म्हणजे भरलेल्या टाकीलाही काटा रिकामी दाखवतो. तुमचं उलट आहे. टाकी पूर्ण रिकामी करून, उतरवून, उघड्या हवेत हे काम करून घ्या, आणि आतला गंज त्याच वेळी बघून घ्या. जुन्या लोखंडी टाकीत पाणी तळाशी बसतं आणि गंजाचा चुरा कॉकची जाळी अडवतो.

अ‍ॅव्हरेजबद्दल स्पष्ट सांगतो, ४३ हा आकडा मी धरत नाही. अडकणाऱ्या काट्यावरून काढलेलं अ‍ॅव्हरेज हे काट्याचं अ‍ॅव्हरेज, गाडीचं नाही. असं करा. गाडी डबल स्टँडवर, टाकीच्या तोंडातल्या एका ठरावीक खुणेपर्यंत पेट्रोल. काठोकाठ नको, उन्हात पेट्रोल फुगतं आणि झाकणातून बाहेर येतं. मीटरचा आकडा लिहा. दोनशेच्या वर किलोमीटर चालवा. मग त्याच पंपावर, तशीच डबल स्टँडवर, त्याच खुणेपर्यंत भरा आणि बिलावरचे लिटर बघा, रुपये नाही. समजा २१७ किलोमीटर झाले आणि ४.१ लिटर बसलं, तर अ‍ॅव्हरेज ५२.९. असं तीनदा करून सरासरी काढा. पंपाच्या मापाची शंका असेल तर प्रत्येक पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, ते मागून खात्री करून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे.

किलोमीटरही तपासा. तुमचं मीटर पुढच्या चाकावरून केबलने चालतं. पुढे कंपनीचा २.७५-१८ टायर असतो. कुणी ३.००-१८ चढवला असेल तर चाकाचा घेर साधारण दोन टक्क्यांनी वाढतो, मीटर तेवढं कमी मोजतं आणि अ‍ॅव्हरेज फुकट बदनाम होतं. हायवेच्या मैलाच्या दगडांशी दहा किलोमीटर ताडून बघा.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. त्याचा दोष किती? लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या पद्धतीच्या दुचाकींसाठी वीस टक्के मिश्रणाने ३ ते ४ टक्के घट धरली होती. म्हणजे ६५ चे ६२-६३. त्याने ४३ होत नाहीत. रबरी नळ्या आणि वॉशर मात्र या पेट्रोलने फुगतात, तेवढे बदलून घ्या.

आणि वडिलांचे ६५. ते कुठे चालवत होते, किती वेगाने? तुम्ही रोज वाईहून पाचगणीला जवळजवळ सहाशे मीटर चढता. या वाटेवर वीस वर्षांच्या गाडीने ५०-५५ दिलं तर मी तिला शाबासकी देईन. नीट मोजूनही ५० च्या खाली राहिलं, तर डबल स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवा. दोन-तीन फेरे सहज झाले पाहिजेत. ब्रेक धरत असेल किंवा चेन ताणलेली असेल तर तिथेच कळेल. पुढचं चाकही उचलून तसंच बघा. मग एअर फिल्टर, मग चोक पूर्ण बंद होतोय का. सकाळी कार्बोरेटरखाली ओल किंवा वास असेल तर त्यातली सुई आणि तिची बैठक गेली आहे, तेवढंच बदला. रात्री कॉक ‘ऑफ’ करत जा. अख्खा कार्बोरेटर या सगळ्यानंतर, आणि बहुधा तिथपर्यंत वेळ येणारच नाही.

एक काम अजून. युनिट दुरुस्त झाल्यावर ‘ऑन’वर चालवा आणि एकदा मुद्दाम रिझर्व्हला लागू द्या, घरापासून जवळ, सपाट रस्त्यावर. चावी न फिरवताच गाडी थेट दम तोडेपर्यंत चालत राहिली तर उभी नळी मुळाशी तुटली आहे, कॉक बदला. लागली, तर पंपावर जाऊन खुणेपर्यंत भरा. जेवढे लिटर बसले त्याला तुमच्या खऱ्या अ‍ॅव्हरेजने गुणा, म्हणजे फुल टाकीवर किती किलोमीटरला रिझर्व्ह लागतं ते निघेल. तो आकडा कागदावर लिहून सीटखाली चिकटवा. तुमच्या मीटरला ट्रिप नाही, म्हणून टाकी भरताना शेजारी त्या दिवशीचा मीटरचा आकडाही लिहीत जा.

तीन वेळचे आकडे आणि पुढच्या टायरवर छापलेलं माप मला कळवा. मग अ‍ॅव्हरेजचं पुढे बोलू.