ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीवर रात्रमुक्कामाची सफर करायची आहे. खऱ्या वाफेवर चालणारी पॅडल बोट (मोठ्या चाकांनी पाणी कापत जाणारी) कोणती?

खरी वाफ हवी असेल तर व्हिक्टोरिया राज्यातल्या इचुका गावाहून सुटणारी ‘एमिलू’ घ्या. साउथ ऑस्ट्रेलिया राज्यातल्या मॅनम गावाहून निघणारी ‘मरे प्रिन्सेस’ मोठी, ऐसपैस आहे, पण तिचं चाक डिझेलच्या जोरावर फिरतं. एमिलूचा सांगाडा १९८० च्या दशकातला, इंजिन मात्र १९०६ चं. भट्टीत रेड गम या झाडाचे ओंडके जळतात आणि दोन्ही कुशींची चाकं पाणी कापत जातात. फार सुंदर दिसतं ते! केबिन मोजक्याच, म्हणून आधी आरक्षण करा. एक लक्षात ठेवा: रात्री बोट काठाला बांधून ठेवतात, झोपेत प्रवास होत नाही. जून ते ऑगस्ट तिकडे हिवाळा, गरम कपडे न्याच. पुरात फेऱ्या थांबतात, म्हणून पुढचं विमान लगेचचं नको.