छातीचं माप कळवलंत, आवड नाही कळवली

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीतून २०१८ ला सुबेदार म्हणून रिटायर झाले, मागच्या दिवाळीत हार्ट अटॅकने गेले. मुलगा बारावी सायन्सला. 'त्याला भरतीलाच घालायचंय, ह्यांचं नाव राहिलं पाहिजे, अकॅडमी कुठली चांगली?' एवढंच विचारलंय.

ताई, अकॅडमीचं नाव मी देणार नाहीये, रागावू नका. चार पानी पत्रात साडेतीन पानं साहेबांवर आहेत आणि ती वाचताना मला खरंच भरून आलं. बेळगावचं ट्रेनिंग, मग जम्मूकडचं राजौरी, पत्त्यावर नुसतं '५६ एपीओ' (लष्कराचं पोस्ट ऑफिस) म्हणून माणूस नक्की कुठं आहे तेही घरी माहीत नाही, वर्षाची साठ दिवसांची सुट्टी आणि त्यातही अर्धी भात लावणीत, आणि एका सुट्टीत पोरगं त्यांना काका म्हणालं तेव्हा ते गोठ्यात जाऊन बसले ते. आणि मुलाबद्दल काय लिहिलंत? उंची १७०, छाती ७७, फुगवून ८२. अहो, त्याला विषय कुठला आवडतो ते एका ओळीतही नाही! तो स्वतः काय म्हणतो? तर 'काही बोलत नाही'. वडील जाऊन वर्ष नाही झालं, आई रोज फोटोकडे बघून 'तू त्यांच्यासारखा हो' म्हणते, त्यानं बोलायचं तरी काय. नाही म्हणालं तर बापाचा अपमान केल्यासारखं होणार ना.

दुसरं म्हणजे तुमच्या डोक्यातला एक गैरसमज. 'ह्यांच्यासारखी पक्की नोकरी, पेन्शन, आणि फौजीचा मुलगा म्हणून घेतीलच.' माजी सैनिकाच्या मुलाला लेखी परीक्षेत बोनस मार्क मिळतात हे खरं, पण सोळाशे मीटर त्यालाच पळायचंय आणि मेडिकलही त्यालाच द्यायचंय. आणि साहेब ज्या भरतीतून गेले ती भरतीच आता राहिलेली नाही. २०२२ पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेतून होते, चार वर्षं नोकरी, त्यातले २५ टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात, बाकीचे साधारण पावणेबारा लाख सेवानिधी (शेवटी मिळणारी एकरकमी रक्कम) घेऊन घरी, त्यांना पेन्शन नाही. आज तुमच्या खात्यात फॅमिली पेन्शन जमा होते ती साहेबांच्या अठ्ठावीस वर्षांची कमाई आहे, मुलाला तशीच वाट मिळेल असं धरून चालू नका. त्याला मनापासून जायचं असेल तर जाऊ दे की, चांगलंच आहे, पण मग हे सगळं माहीत असून जाऊ दे. ऑफिसर व्हायला एनडीए, बारावीनंतरची टेक्निकल एंट्री हे रस्ते आहेतच, तिथं मात्र वडिलांच्या नावावर काही मिळत नाही.

तिसऱ्या पानावर तुम्ही तक्रार केलीय, 'दिवसभर मोटारी खोलत बसतो, वडिलांनीच नाद लावला.' मला तर पत्रात हीच ओळ सगळ्यात कामाची वाटली. पोरगं दहा वर्षांचं असताना साहेब कायमचे घरी आले. तुम्हाला युनिफॉर्ममधला माणूस आठवतो, साहजिक आहे, पण त्याच्या वाट्याला आला तो विहिरीवरची मोटार खोलून कॉइल भरायला शिकवणारा बाप. त्याची आठवण तुमच्यापेक्षा वेगळी आहे, कमी नाही. मी तर म्हणेन एमएचटी-सीईटी देऊन इलेक्ट्रिकलला जाऊ दे. इंजिनिअर झाल्यावर वाटलंच तर एसएससी (शॉर्ट सर्व्हिस कमिशन) टेक्निकलमधून ऑफिसर म्हणून लष्करात जाता येतंच.

आणि साहेबांचं नाव राहायला हवं ना, मग ते काम मुलावर टाकू नका, तुम्हीच करा. त्यांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे नोकरीची नोंद असलेलं पुस्तक, काढा, ४ फेब्रुवारीला मराठा दिनाला ते ज्यांना फोन करायचे म्हणून लिहिलंय त्या पलटणीतल्या दोस्तांना फोन लावा, कुठल्या साली कुठं होते, कोण सोबत होतं, सगळं लिहून काढा. तुमचं मराठी छान आहे, ती साडेतीन पानं ही सुरुवातच आहे.

खर्चाचं म्हणाल तर माजी सैनिकांच्या मुलांना इंजिनिअरिंगसारख्या प्रोफेशनल डिग्रीसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, मुलांना महिना २,५०० आणि मुलींना ३,०००, बारावीला साठ टक्के लागतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. जाण्याआधी पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि आधारवर तुमचं नाव एकसारखं आहे का ते तपासा, फॉर्म बहुतेक तिथंच अडकतात.