तयार साचे पुसता का येत नाहीत?

प्रश्न : आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा पत्रव्यवहार मी लिबरऑफिस रायटरमध्ये करते. सभेची सूचना, इतिवृत्त आणि थकबाकीचे पत्र असे तीन मसुदे मी टेम्प्लेट म्हणून जतन केले आहेत. परंतु यादी उघडली की प्रोग्रॅमबरोबर आलेल्या साच्यांच्या गर्दीत ते शोधावे लागतात. ते तयार साचे पुसले जात नाहीत, त्यांचे नावही बदलत नाही. शिवाय माझ्या टेम्प्लेटमध्ये केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी नाहीशी झालेली असते. हे सारे कसे लावावे?
— एका संस्थेच्या सचिव

उत्तर : तयार साचे प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये राहतात आणि आपले साचे आपल्या वापरकर्ता-खात्याच्या फोल्डरमध्ये, म्हणून पहिल्यांना हात लावू दिला जात नाही. ते पुसण्याच्या मागे लागू नये. फाइल मेनूतील ‘टेम्प्लेट्स’मधून ‘मॅनेज टेम्प्लेट्स’ उघडावे, तेथे संस्थेच्या नावाची नवी कॅटेगरी करून आपले तिन्ही मसुदे उजव्या क्लिकमधील ‘मूव्ह’ने तिच्यात हलवावेत आणि यादी त्या कॅटेगरीपुरतीच गाळून पाहावी. एखादा तयार साचा आवडलाच, तर त्यावरून कागद उघडून हवे ते बदल करावेत आणि ‘सेव्ह अ‍ॅज टेम्प्लेट’ने आपल्या कॅटेगरीत ठेवावा.

दुरुस्ती नाहीशी होण्याचे कारण निराळे आहे. टेम्प्लेटवर दोनदा क्लिक केल्यास साचा उघडत नाही; त्यातून काढलेला नवा, बिननावाचा कागद उघडतो, आणि आपण दुरुस्त करता तो हाच. साच्यालाच हात घालायचा असेल तर त्यावर उजवी क्लिक करून ‘एडिट’ निवडावे. हीच चूक मला सर्वाधिक वेळा विचारली जाते.

साचा सुधारल्यानंतर त्यावरून पूर्वी केलेले एखादे पत्र उघडले, की शैली अद्ययावत करायच्या की जुन्याच ठेवायच्या, असे विचारले जाते. येथे घाईने बटण दाबू नये. ‘जुन्या ठेवा’ म्हटले की त्या पत्रासाठी हा प्रश्न पुन्हा येत नाही. ‘अद्ययावत करा’ म्हटले तरी बदलतात त्या केवळ शैली, म्हणजे टंक, अंतरे, शीर्षकांची मांडणी. साच्यात बदललेला पत्ता किंवा नव्या अध्यक्षांचे नाव जुन्या पत्रात उतरत नाही, आणि संस्थेच्या दप्तराच्या दृष्टीने ते योग्यच आहे. सह्या झालेल्या इतिवृत्ताच्या बाबतीत मात्र मी ‘जुन्या ठेवा’च म्हणेन.

आपण विचारलेले नाही, पण मराठी लिहिणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते, म्हणून सांगतो. शैलीच्या ‘फॉन्ट’ विभागात देवनागरीचा टंक ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’च्या रकान्यात ठरतो. पाश्चात्त्य लिपीच्या रकान्यात कितीही बदल केले तरी मराठी मजकूर जसाच्या तसा राहतो. हा रकाना दिसत नसल्यास ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’मध्ये, भाषांच्या विभागात तो आधी चालू करावा लागतो. टंक आणि ए४ कागद (२१० × २९७ मिमी) ठरवून केलेला एक कोरा साचा ‘सेट अ‍ॅज डिफॉल्ट’ केला, तर रायटरमधील प्रत्येक नवा कागद त्याच रूपात उघडेल.

संगणक बदलण्यापूर्वी आपले साचे ‘एक्सपोर्ट’ने पेनड्राइव्हवर काढून ठेवावेत. तयार साचे प्रोग्रॅम पुन्हा बसवला की परत येतात, आपले येत नाहीत.