पाणी सांडून बंद पडलेला लॅपटॉपचा मदरबोर्ड खरंच दुरुस्त होतो का? सुरुवात कुठून करायची?

तुम्ही लिहिलं आहे की लॅपटॉपवर ग्लासभर पाणी सांडलं, तीन दिवस उलटा ठेवून वाळवला, आणि आता चार्जर लावला की चार्जरवरचा दिवाच विझतो. दाखवायला नेला तर दुरुस्तीवाले ‘बोर्ड बदला’ म्हणाले. तुमच्याकडे मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग थोडंफार येतं, म्हणून विचारताय की बोर्ड वाचेल का.

वाचण्याची शक्यता चांगली आहे, आणि मला तसं वाटतं ते त्या विझणाऱ्या दिव्यामुळे. कशालाच दाद न देणाऱ्या बोर्डापेक्षा चार्जरला खाली ओढणारा बोर्ड मला केव्हाही बरा वाटतो, कारण त्याचा दोष मीटरच्या टोकाने गाठता येतो. समोर शॉर्ट (वीज थेट ग्राउंडला, म्हणजे बोर्डाच्या शून्य व्होल्टच्या बाजूला, जाण्याची वाट) दिसला की चार्जर स्वतःला बंद करतो, म्हणून दिवा जातो. पिन काढल्यावर दिवा परत लागतो का तेवढं पाहा. लागत असेल तर चार्जर ठीक आहे आणि बोर्डावर १९ व्होल्टची लाइन कुठेतरी ग्राउंडला भिडली आहे.

आता कामाला लागण्याआधी एक गोष्ट. मी बरीच वर्षं बोर्ड दुरुस्त करतो आहे आणि माझ्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न सगळ्यात शेवटी तापतं. मूळ बिघाड अगदी किरकोळ, पण आधी कुणीतरी काही न मोजता हॉट एअर (सोल्डर वितळवणारं गरम हवेचं यंत्र) फिरवून शेजारचे पाच भाग उडवलेले, असे बोर्ड मी फार पाहिले आहेत. आधी मोजा, कागदावर लिहा, मगच तापवा.

लॅपटॉप उघडला की पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर काढा. हे तीन दिवसांपूर्वीच व्हायला हवं होतं, पण अजूनही करा. नुसत्या पाण्याने बोर्ड सहसा मरत नाही. पाणी आणि व्होल्टेज एकत्र आले की मरतो. ओल्या जागेतून करंट वाहतो, एका पिनचं तांबं विरघळून दुसरीकडे जाऊन बसतं आणि हिरवट-पांढरा थर चढतो. कारागीर त्याला ‘कार्बन आला’ म्हणतात, प्रत्यक्षात तो कळंक असतो, तांब्याच्या भांड्यावर चढतो तसाच. पाणी वाळलं तरी त्यातले क्षार बोर्डावरच राहतात आणि हवेतला ओलावा शोषून घेत राहतात. त्यामुळे तीन दिवस वाळवून चिपखालची घाण गेली असेल असं धरू नका. स्टोरेज सुटं असेल तर एसएसडीही आताच काढून ठेवा. डेटा त्यात आहे, बोर्डात नाही.

बोर्ड पूर्ण बाहेर काढा. चिकटवलेले स्टिकर, काळी इन्सुलेशन शीट, पंखा, हीटसिंक सगळं उतरवा. पाणी नेमकं स्टिकरखाली साठून राहतं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश घेऊन दोन्ही बाजू घासा, विशेषतः कनेक्टरच्या पिनांच्या मधे. भिंगातून पाहा. करपलेला भाग, काळवंडलेली पिन, हिरवी पडलेली पॅड (भाग सोल्डर होतो ती तांब्याची जागा), जे दिसेल त्याचा फोटो काढा. मात्र काहीच दिसलं नाही तर निराश होऊ नका. साधारण २००० नंतरच्या काही वर्षांतल्या डेस्कटॉप बोर्डांवर डोकं फुगलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लांबूनच ओळखू यायचे. आताच्या लॅपटॉपवर तांदळाच्या कणीएवढे सिरॅमिक कपॅसिटर असतात. तो आतून शॉर्ट झाला तरी बाहेरून शेजाऱ्यासारखाच दिसतो.

आता मीटर. बॅटरी नाही, चार्जर नाही, बोर्ड पूर्ण निर्जीव. चार्जरच्या जॅकपासून निघून लाइन कशी जाते ते डोक्यात पक्कं करा. बहुतेक लॅपटॉपांत जॅकनंतर असला तर फ्यूज, मग एकामागोमाग दोन मॉसफेट (वीज सोडणारे किंवा अडवणारे इलेक्ट्रॉनिक स्विच), मग करंट मोजणारा एक रुंद रेझिस्टर, ज्यावर आर०१० किंवा आर००५ असं काही छापलेलं असतं, म्हणजे ०.०१ किंवा ०.००५ ओहम. त्याच्या पुढे मुख्य रेल, म्हणजे वीजपुरवठ्याची मुख्य लाइन, जिथून ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट, प्रोसेसर, रॅम सगळ्यांचे सप्लाय तयार होतात. ते दोन मॉसफेट म्हणजे दरवाजे. पहिल्या दरवाज्याच्या अलीकडे आणि त्या रेझिस्टरच्या पलीकडे, दोन्ही ठिकाणी ग्राउंडशी रेझिस्टन्स मोजा. प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा, साधारण ०.२ ते ०.५ ओहम, आधी लिहून ठेवा आणि प्रत्येक मापातून वजा करा.

अलीकडे शॉर्ट आणि पलीकडे ठीक असेल तर तुमचं नशीब जोरावर आहे, तपासायला चार-सहाच भाग उरले. पलीकडे शॉर्ट असेल तर मुख्य रेलवर काहीतरी गेलं आहे, आणि तरीही दिवा विझतो म्हणजे बहुधा पहिला मॉसफेटही उघड्या दरवाज्यासारखा, शॉर्ट होऊन करंट जाऊ देत राहिला आहे. चांगला दरवाजा समोर शॉर्ट असताना सहसा उघडत नाही.

इथे नवखे हमखास फसतात ते सांगतो. बोर्डावरच्या मोठ्या चौकोनी कॉइलवर मीटर बीप मोडमध्ये लावलं की प्रोसेसरजवळच्या कॉइल बीप देतात आणि माणूस ‘सगळंच शॉर्ट आहे’ म्हणून हात टेकतो. प्रोसेसरच्या सप्लायचा रेझिस्टन्स मुळातच खूप कमी असतो, चांगल्या बोर्डावरही तो कधी काही ओहम, कधी एका ओहमच्याही खाली. तो शॉर्ट नाही. म्हणून बीपवर जाऊ नका, आकडा वाचा. ५ आणि ३.३ व्होल्टच्या कॉइलवर मात्र एखादा ओहम दिसला तर ते गंभीर आहे.

मुख्य रेल शॉर्ट आहे असं नक्की झालं की पुढची पायरी म्हणजे बाहेरून व्होल्टेज देऊन गरम होणारा भाग शोधणं. पण त्याआधी एक माप घ्या, जे बरेच लोक गाळतात. प्रत्येक सप्लायला एक वरचा आणि एक खालचा मॉसफेट असतो. वरचा मुख्य रेलला जोडलेला, खालचा ग्राउंडला, आणि दोघांच्या मधून कॉइल निघते. वरचा मॉसफेट शॉर्ट झाला तर मुख्य रेल थेट त्या कॉइलला आणि कॉइलमधून थेट प्रोसेसरला जोडली जाते. मीटरवर तुम्हाला तेव्हाही ‘मुख्य रेल ग्राउंडला शॉर्ट’ असंच दिसेल, कारण प्रोसेसरचा रेझिस्टन्सच तेवढा कमी असतो. अशा वेळी तुम्ही मुख्य रेलवर व्होल्टेज चढवत गेलात तर ते सगळं प्रोसेसरमध्ये जातं, जो साधारण एका व्होल्टवर चालतो. म्हणून एक प्रोब मुख्य रेलवर, दुसरा एकेका कॉइलवर ठेवून मोजा. कुठल्याही कॉइलशी जवळजवळ शून्य आलं तर तिथला वरचा मॉसफेट काढल्याशिवाय पुढे जायचं नाही.

ते स्वच्छ निघालं तर बेंच पॉवर सप्लाय (व्होल्टेज आणि करंट हवा तेवढा ठरवता येणारा सप्लाय) घ्या, १ व्होल्ट आणि १ अँपिअरची मर्यादा लावून सुरुवात करा. लाल वायर रेझिस्टरच्या पलीकडच्या टोकाला, काळी ग्राउंडच्या स्क्रूहोलला. शॉर्ट खरा असेल तर सप्लाय करंटच्या मर्यादेला जाऊन भिडेल. हळूहळू अँपिअर वाढवा. समजा शॉर्ट ०.१ ओहमचा आहे आणि तुम्ही ३ अँपिअर देताय, तर तिथे ०.९ वॅट उष्णता होते. कणीएवढ्या कपॅसिटरला ती भरपूर झाली. बोर्डावर अल्कोहोलचा पातळ थर पसरवा आणि नजर हलवू नका. सगळीकडे ओलं असताना एका जागी कोरडा ठिपका उमटतो आणि पसरत जातो. त्याच्या मधोमध तुमचा चोर. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा त्या वेळी गरम आयर्न किंवा हॉट एअर आसपास नको, खिडकी उघडी हवी. थर्मल कॅमेरा असेल तर काम सोपं होतं, पण मी कित्येक वर्षं फक्त अल्कोहोलवर काढली आहेत. बोट लावून पाहणं टाळा, चांगलं भाजतं.

कुठेच कोरडा ठिपका आला नाही आणि करंट मात्र भरपूर जातोय, तर शॉर्ट इतका पक्का आहे की उष्णता त्या भागात न होता ट्रॅकमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांमध्ये, विभागली जातेय. अशा वेळी वायर जोडायची जागा बदलून पाहा, बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला त्याच रेलवर. व्होल्टेज मात्र त्या रेलच्या मूळ व्होल्टेजच्या वर कधीही नेऊ नका.

सापडलेला भाग बहुतेक वेळा सिरॅमिक कपॅसिटर असतो. तो काढून पुन्हा मोजा. शॉर्ट गेला? मग तो काढलेला भागही वेगळा मोजा आणि तोच शॉर्ट होता याची खात्री करा, म्हणजे मनात शंका राहत नाही. मुख्य रेलवर असे बरेच कपॅसिटर समांतर असतात, एक नसताना बोर्ड तपासण्यापुरता चालतो. पण नंतर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, आणि १९ व्होल्टच्या रेलवर निदान २५ व्होल्टचा, लावा.

काढताना: २००६ मध्ये युरोपात शिशावर बंधन आल्यापासून बहुतेक बोर्डांवर बिनशिशाचं सोल्डर असतं, ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं, जुनं ६३-३७चं १८३ अंशांना. शिवाय बोर्डाच्या आतल्या ग्राउंडच्या थरात उष्णता पळून जाते. म्हणून आयर्न लावून ‘वितळतच नाही’ असं होतं आणि माणूस जोर लावतो. जोर लावलात की पॅड उखडते. भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट वाहावं म्हणून लावायचा लेप), त्यावर थोडं शिशाचं सोल्डर मिसळा, खालून बोर्ड शंभरएक अंशांपर्यंत तापवून घ्या, शेजारच्या प्लॅस्टिक कनेक्टरना उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप लावा. भाग आपणहून तरंगायला लागला की चिमटा लावायचा. बिनसरावाने थेट या बोर्डावर हात टाकू नका. एखादा मेलेला बोर्ड मिळवा आणि त्यावर पन्नास कपॅसिटर काढा आणि लावा.

शॉर्ट गेल्यावर कळंकाने खाल्लेले ट्रॅक उरतात. बाहेरच्या थराचं तांबं साधारण ३५ मायक्रॉन जाड, त्यामुळे हिरवा झालेला ट्रॅक दिसायला अखंड आणि आतून तुटलेला असू शकतो. दोन टोकांना मोजा. तुटला असेल तर दोन्हीकडची हिरवी कोटिंग ब्लेडने हळुवार खरवडा, ०.१ मिलिमीटरच्या इनॅमल वायरचा जंपर टाका, आणि यूव्ही दिव्याखाली घट्ट होणारं सोल्डर मास्क वर लावा. पॉवरच्या ट्रॅकला एवढी बारीक वायर पुरणार नाही. जिथे बोर्ड करपून काळा झाला आहे तिथे काळं सगळं खरवडून काढावंच लागतं, कारण करपलेला भाग स्वतःच वीज वाहून नेतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण हे मला फार महागात पडलं आहे. सुरुवातीच्या काळात मी असाच पाण्याचा एक बोर्ड जिवंत केला, ५ आणि ३.३ व्होल्ट आले, आनंदात स्क्रीनची केबल जोडली. कनेक्टरच्या पिनांमध्ये ओल राहिली होती. त्या कनेक्टरवर बॅकलाइटचा मोठा व्होल्टेज डेटाच्या पिनांपासून फार लांब नसतो, आणि डेटाच्या लाइन थेट प्रोसेसरला जातात. एका क्षणात प्रोसेसर गेला. तो लॅपटॉप एका विद्यार्थिनीचा होता आणि मी तिला आदल्या रात्री ‘झालाय’ असं सांगून बसलो होतो. त्या दिवसापासून पाण्याच्या प्रत्येक बोर्डाचा स्क्रीन कनेक्टर मी भिंगाखाली पिन न् पिन पाहतो, मीटरच्या डायोड मोडमध्ये मोजतो आणि केबलचं टोकही धुतो. जरा जरी काळेपणा असेल तर कनेक्टर आणि केबल दोन्ही बदलतो. पहिल्यांदा बोर्ड चालू करताना स्क्रीन लावूच नका, एचडीएमआयवर बाहेरचा मॉनिटर लावा.

प्रोसेसर किंवा ग्राफिक्सची चिप भट्टीत किंवा हीट गनखाली भाजून ‘ठीक करण्याचे’ व्हिडिओ तुमच्या समोर येतील. ते करू नका. चार दिवस चालल्यासारखं वाटतं, आणि मग खऱ्या दुरुस्तीलाही जागा उरत नाही.

मी कधी सोडून देतो? वरचा मॉसफेट शॉर्ट होऊन १९ व्होल्ट प्रोसेसरला लागले असतील, मॉसफेट काढल्यावरही प्रोसेसरची रेल अगदी शून्यावर असेल, किंवा बोर्ड आतल्या थरापर्यंत करपला असेल तेव्हा. बाकी बहुतेक वेळा प्रयत्न करण्यासारखा असतो.

तुमच्या बोर्डावर छापलेला नंबर शोधा. मॉडेलचं नाव नको, बोर्डाचा नंबर. त्याचा स्किमॅटिक (सर्किटचा नकाशा) आणि बोर्डव्ह्यू (कुठला भाग कुठे आहे ते दाखवणारी फाइल) मिळाला तर कुठला कपॅसिटर कुठल्या रेलवर आहे ते बघायला अंदाज लागत नाही. मग पहिल्या मॉसफेटच्या अलीकडचा आकडा, रेझिस्टरच्या पलीकडचा आकडा आणि मुख्य रेल ते प्रत्येक कॉइल, एवढी मापं घेऊन मला कळवा. बेंच सप्लाय जोडण्याआधी कळवलंत तर जास्त बरं.